मी तुला चारचौघांत केलेली क्षमा

दानिएल, तुझं माप एस्तेरबाईंनी घेतलं. मी दारात उभा होतो. आत जायचं माझ्या मनात होतं, पण एस्तेरबाईंनी सुतळी हातात घेतली आणि सर्वांत आधी तुझ्या डोक्याखालची उशी काढून बाजूला ठेवली. ते पाहिलं आणि मी परत ओसरीत येऊन बसलो.

शवपेटी चंद्रपूरहून मागवली. आपल्याकडे आता पेटी करणारा कोणी नाही. प्लायवूडची होती, कडेने सोनेरी पट्टी चिकटवलेली. तू असतास तर बोटाने वाजवून पाहिली असतीस आणि हे तं खोकं हाय म्हणून तिथेच मोकळा झाला असतास. ती तुला सगळीकडून मोठी झाली. तू आत हलू नयेस म्हणून तुझ्या बायकोने, साराबाईंनी, पायाशी एक चादर घडी करून लावली. मी सगळं पाहत होतो. काही बोललो नाही. न बोलणं हे माझं जुनं काम आहे.

तुझ्याबद्दल चांगलं बोलायला खूप लोक आले होते. गावातल्या निम्म्या दारांच्या चौकटी तुझ्या हातच्या, त्यामुळे आपल्या मंडळीबाहेरचे, हिंदू घरांतलेही पुष्कळ आले. तू कुठे जन्मलास, कोणाजवळ काम शिकलास, हे ते एकमेकांना सांगत होते. मी ते सगळं सोडून देतो. मी मंडळीचा चिटणीस. सभेच्या वहीत माझ्या हाताने लिहिलेलं एक पान खोटं आहे, आणि त्या पानापायी तू नऊ वर्षं प्रभुभोजनाशिवाय राहिलास. ते पान मला सरळ करायचं आहे. बोलतो आहे तुझ्याशी, पण हे मंडळीतल्या सगळ्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. म्हणून तुला माहीत असलेल्या गोष्टीही पुन्हा सांगतो. कंटाळू नकोस.

आपली मंडळी लहान. चामोर्शीच्या पुढे, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथली चाळीसेक घरं. मोठ्या शहरांतल्या चर्चमध्ये नसेल अशी एक रीत आपल्याकडे आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधल्या मेजावरची भाकर आणि प्याला सगळ्यांनी मिळून घेणं, आणि त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, समेटाची सभा. ज्याचं कोणाशी वाकडं आलं असेल त्याने उभं राहायचं, त्या माणसाचं नाव घ्यायचं, झालं ते सांगायचं आणि हात द्यायचा. हात दिला-घेतला की दुसऱ्या दिवशी दोघांनी मेजापाशी यायचं. समेट नाकारणाऱ्याने मेजापासून दूर राहायचं. भावाशी भांडण ठेवून देवापुढे येऊ नये या शिकवणीवरून जुन्या लोकांनी ही रीत घातली. रीत चांगली आहे. तिचा मी काय उपयोग केला ते पुढे येईल.

तू रागीट होतास, हे गाव म्हणतं. मी शांत, हेही गाव म्हणतं. मिशनच्या दवाखान्यात चौतीस वर्षं मी कंपाउंडर होतो आणि एकाही रोग्याशी आवाज चढवून बोललो नाही. पाद्री बदलत गेले, पण प्रत्येकाने उपदेशात कधी ना कधी माझं उदाहरण दिलं. रागावर ताबा कसा असावा, तर आपल्या शमुवेलभाऊंसारखा. मी मान खाली घालून ऐकत असे. मला ते आवडत असे.

दवाखान्यातल्या खाटांचं काम आठवतं? पाय डुगडुगतात म्हणून मी दोनदा परत पाठवल्या. तिसऱ्यांदा तू भर रोग्यांसमोर माझ्यावर ओरडलास. जमीन वाकडी असेल तर खाटेनं काय करावं, असं विचारून हातातली पटाशी फेकलीस आणि निघून गेलास. संध्याकाळी मी घराच्या अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो, तर तू घामाघूम होऊन धावत आलास. अंगावर सगळा भुसा. हातात पळसाच्या पानात बांधलेल्या सात्या. पावसाळ्यात जंगलात उगवणारी ती अळंबी मला आवडते हे तुला माहीत होतं. आलास आणि आधी मागे वळून पश्चिमेकडे बोट दाखवलंस.

"अजुक दिसून राह्यला, पाहा जी भाऊ. बुडाच्या आत आलो. मी चुकलो, मिटवा."

सूर्य मावळायच्या आत राग मिटवावा ही शिकवण आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली. तिचा अर्थ तू इतका सरळ घेतला होतास की कधीकधी मला हसू येई. त्या दिवशीही मी हसलो आणि म्हणालो, मी रागावलोच नाही, दानिएल. तुझा चेहरा उतरला. तू सात्यांचं पुडकं मार्थाच्या हातात दिलंस आणि तिला म्हणालास, "बाई, तुमचा माणूस रागावलाच नाई म्हणते. मग मी माफी कायची मागू?"

मार्था हसली. तुझ्यासाठी चहा टाकताना मला म्हणाली की तो बरोबर बोलला, तुम्ही दिवसभर फुगून बसला होता. मी तिलाही तेच सांगितलं, मी रागावलो नाही.

आपला हा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. मी म्हणे राग हेच पाप. तू म्हणायचास, असं कुठी लिहिलं हाय दाखवा. रविवारच्या वर्गात मी मुलांना चाळीस वर्षं शिकवलं की ख्रिस्ती माणसाने रागवू नये. शास्त्र खरं तर तसं म्हणतच नाही. राग आला तरी पाप करू नका आणि लवकर मिटवा, असं म्हणतं. पहिला भाग मी गाळत आलो, कारण मुलांना तो सांगितला तर ती भांडतील असं मला वाटे. तू एकदा वर्गाच्या दारात उभा राहून ऐकलंस आणि बाहेर आल्यावर मला म्हणालास, तुम्ही गिळता आणि मी ओकतो, एवढाच फरक हाय, ओकलेलं निदान धुता तरी येते. मी म्हणालो, मुलांसमोर असलं घाण बोलू नकोस.

मार्थाच्या आजाराबद्दल थोडंच लिहितो. तिच्या पोटात दुखे. मी तिला सहा महिने पित्ताच्या गोळ्या दिल्या. दवाखान्यात डॉक्टर होते, पण डॉक्टरला दाखवण्यासारखं काही नाही असं मीच ठरवलं होतं. गडचिरोलीला नेलं तेव्हा वेळ निघून गेली होती. ती गेली त्या सकाळी मला किती राग आला होता हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तो राग माझ्यावर होता. पण माझ्यावर रागावण्याची सवय मला नव्हती. खरं तर कोणावरच उघड रागावण्याची नव्हती. तो कुठे ठेवायचा ते मला कळत नव्हतं.

पेटीसाठी माप घ्यायला एस्तेरबाई आल्या. मंडळीत हे काम त्यांचंच. डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सुतळी धरायची, दोन्हीकडे गाठ मारायची आणि ती सुतळी तुझ्या सुतारखान्यात पाठवायची. तू त्या मापाची पेटी करायचास. मी एस्तेरबाईंना आत येऊ दिलं नाही. सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि माप स्वतः घेतलं.

मार्थाच्या डोक्याखाली घडी केलेली गोधडी होती. शेवटचे काही दिवस तिला सपाट निजवत नसे, म्हणून मी ती जाड घडी करून ठेवली होती. माप घेताना उशी काढून देह सपाट करावा लागतो. कंपाउंडर होतो, मला हे कळत नव्हतं असं नाही. मी गोधडी काढायला तिच्या मानेखाली हात घातला. डोकं जड लागलं. ते खाली ठेवणं माझ्याच्याने झालं नाही. मी हात काढून घेतला आणि गोधडी तशीच राहू देऊन माप घेतलं. मान पुढे वाकलेली, पाठ वर उचललेली. सुतळी चांगली वीतभर कमी भरली. गाठी मी नीट मारल्या.

ही चूक होती, अपराध नव्हता. त्याच दिवशी मी ती सांगितली असती तर मंडळीतला प्रत्येक माणूस माझ्याबरोबर रडला असता. अपराध त्यानंतरचा आहे.

दुपारी तू पेटी घेऊन आलास. आडजात लाकडाची, पण रंधा मारून गुळगुळीत केलेली. आतून पांढरं कापड लावलेलं. ते लावायला कोणी सांगितलं नव्हतं. मार्थाला उचलून आत ठेवलं तर पाय मावेनात. दोनदा करून पाहिलं. दुसरी पेटी करायला वेळ नव्हता. आपली दफनभूमी नाल्यापलीकडे आहे, आणि त्या झुडपांत वाघ दिसायला लागल्यापासून चारच्या आत सगळं उरकून परतायचं असं ठरलेलं. शेवटी बायकांनी तिचे गुडघे थोडे वाकवले आणि वरून चादर घातली. झाकण लागलं. अंगणातल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

मी त्या वेळी पलंगाकडे पाहिलं. गोधडीची घडी तिथेच होती. माझ्या लक्षात आलं. नंतर नाही, दोन दिवसांनी नाही, त्याच क्षणी आलं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या गडबडीत मला काही समजलं नव्हतं.

तू म्हणालास, सुतळी होती तेवढीच पेटी केली जी. तुझा आवाज नेहमीसारखा मोठा होता. सकाळी तुझ्या सुतारखान्यात कुण्या गिऱ्हाईकाशी चौकटीवरून तुझं भांडण झालं होतं, ते अख्ख्या गल्लीने ऐकलं होतं. मला तेही माहीत होतं. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणालो, "असू दे दानिएल. रागात हात चुकतो माणसाचा."

बस, एवढंच. त्यानंतर मला काही बोलावं लागलं नाही. उरलेलं लोक बोलले. सकाळी भांडला, तसाच रागात बसून पेटी केली, आणि त्या माउलीचे पाय मोडले. पाय मोडले नव्हते. पण गोष्ट तशी फिरली, आणि मी ती फिरू दिली.

त्या संध्याकाळीही तू आलास. मी अंगणात एकटाच होतो. माझा मुलगा भद्रावतीहून आलेल्या पाहुण्यांना बसवर सोडायला गेला होता. तू फाटकाबाहेर थांबलास. नेहमी सरळ आत येणारा माणूस, पण थांबलास. म्हणालास की भाऊ, आज तुमच्या घरी दुःख हाय, मी वाद करायले आलो नाई, पण मनात काही असल तं आत्ता बोला, दिवस हाय तवर. मी बोलू शकलो असतो. पाच शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, मी रागावलो नाही, दानिएल, जा तू. तू गेलास.

त्यानंतरच्या समेटाच्या सभेत मी उठलो. सगळ्यांना वाटलं मी मार्थासाठी केलेल्या मदतीचे आभार मानणार. मी तुझं नाव घेतलं. माझ्या पत्नीच्या शेवटच्या दिवशी जे झालं त्याबद्दल मी दानिएलला मनापासून क्षमा करतो, असं म्हणालो आणि हात पुढे केला. बायका डोळे पुसू लागल्या. तेव्हाचे पाद्रीसाहेब मोठ्याने आमेन म्हणाले.

मी आयुष्यात कोणावर हात उचलला नाही, कोणाला शिवी दिली नाही. त्या दिवशी क्षमा केली, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात रागाचं कृत्य तेच. मला तुला दुखवायचं होतं. दुखवण्याचं हे एकच साधन माझ्याजवळ होतं. ते चांगलं दिसणारं होतं, आणि ते वापरणाऱ्याला कोणी अडवणार नव्हतं.

तू उठलास.

"त्या दिवशी म्हणलं रागावलो नाई. मग आज क्षमा कायची करून राह्यले? काय केलं मी? सांगा ना इथी, काय केलं?"

मी हात तसाच पुढे धरून ठेवला. लोक म्हणू लागले, घे हात, दानिएल, किती मोठं मन आहे त्यांचं. तू माझ्या हाताकडे पाहिलंस आणि मग वळून प्रभुभोजनाचं मेज उलथवलंस. रविवारसाठी त्यावर कापड घालून प्याला ठेवलेला होता. प्याला फरशीवर घरंगळत साराबाईंच्या पायापाशी गेला. तो त्यांनी उचलून पदराने पुसला, मेज उभं करून त्यावर ठेवला आणि त्या तुझ्या मागोमाग बाहेर पडल्या.

वहीत मी लिहिलं: दानिएल यांनी रागाच्या भरात प्रभुभोजनाचे मेज उलथवले व क्षमा करणाऱ्या भावाचा समेट नाकारला. सबब त्यांनी दोन्ही गोष्टींबद्दल सभेपुढे पश्चात्ताप करेपर्यंत त्यांना मेजापासून दूर ठेवावे. ठराव एकमताने मंजूर. अक्षर सुंदर आहे. त्याच पानावर त्याआधी काय लिहायला हवं होतं ते आता लिहितो. माप शमुवेलने घेतलं. उशी न काढता घेतलं. पेटी मापाबरहुकूम होती. शमुवेलला हे त्याच दिवशी कळलं होतं, तरी त्याने दोष दानिएलवर जाऊ दिला, आणि नंतर त्या दोषाची क्षमा करून तो पक्का केला.

मेजाबद्दल तू महिन्याभरातच माफी मागायला तयार झालास. पाद्रीसाहेबांना भेटून म्हणालास की मेज उलथवलं ते चुकलं, पण पेटीचं माझ्याकडून काही चुकलं नाई, ते मी म्हणणार नाई. सभेला दोन्ही हव्या होत्या. मधला काही मार्ग काढावा का, म्हणून पाद्रीसाहेबांनी माझं मत विचारलं. मी म्हणालो, ठराव ठराव असतो. तुझा विनोद मात्र त्यातही सुटला नाही. कोणीतरी तुला विचारलं की देवाचं मेज कसं काय उलथवलं रे. तू म्हणालास, येशूनं बी देवळातले मेज उलटवलेच होते, आणि तो बी सुतारच होता, कोणतं मेज उलटवाचं हे सुतारालेच समजते. हे माझ्यापर्यंत आलं. मी ते देवनिंदा म्हणून पाद्रीसाहेबांच्या कानावर घातलं.

त्यानंतर नऊ वर्षं तू दर रविवारी आलास आणि पहिल्या रविवारी भाकर फिरू लागली की मान खाली घालून बसलास. साराबाईंना बंदी नव्हती, तरी त्यांनीही कधी घेतली नाही. पेट्या तू करतच राहिलास, पण आलेल्या सुतळीवर विश्वास ठेवेनास. सुतळी आली तरी तू स्वतः त्या घरी जाऊन, एस्तेरबाईंना समोर बसवून, माप पुन्हा घ्यायचास. लोक म्हणाले, बरी अद्दल घडली. मी तेही ऐकून घेतलं. रोज संध्याकाळी प्रार्थनेत मी तुझं नाव घेऊन क्षमा करत होतो. ज्यात तुझा दोष नव्हता त्याची क्षमा, रोज, नऊ वर्षं. मला झोप चांगली लागत असे. हेही लिहिलं पाहिजे.

तू खाटेला खिळलास तेव्हा मी उशिराच आलो. साराबाईंनी दार उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. आवाजात जोर उरला नव्हता तुझ्या, पण मला पाहून म्हणालास, बसा जी, खुर्ची पक्की हाय, डुगडुगत नाई. मी वाटेत सगळं ठरवून आलो होतो. तरी सुरुवात भलतीकडून झाली. तुझा कफ, तुझी औषधं, खाटेची दिशा. मग मी थांबलो आणि म्हणालो, दानिएल, मार्थाच्या डोक्याखाली...

"गोधडी होती," तू म्हणालास. "मले माहीत हाय."

तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पेटी घेऊन आलास तेव्हा मार्थाला उचलायच्या आधी तू तिला पलंगावर पाहिलं होतंस. माप कशाने चुकलं हे सुताराला समजायला किती वेळ लागणार? मी विचारलं, मग सभेत का नाही बोललास, मी तुझ्यावर एवढं रचलं तरी? तू छताकडे पाहत बोललास.

"तुमच्याच्यानं बाईचं डोकं खाली ठेवणं झालं नाई. हे मी चार लोकांत कसं सांगू जी? ते तं तुमचं होतं. तुम्हीच सांगाले पाह्यजे."

पुढे तू जे बोललास तेही इथे लिहितो, नाहीतर लोक तुला संत करून टाकतील आणि ते तुला आवडणार नाही. तू म्हणालास की माझा राग गेला नाई. रोज देवाले सांगून राह्यलो, हा माणूस मले आवडत नाई, तरी त्याचं वाईट नको करू. एवढंच मले जमते, याच्या पुढचं नाई जमलं. मी म्हणालो, येत्या समेटाच्या सभेत मी सगळं सांगतो. तू म्हणालास, मंडळीले सांगा की नका सांगू, पण साराले सांगा, ती माझ्यापायी उपाशी राह्यली. साराबाई तेव्हा आत चुलीपाशी होत्या. उठून चार पावलं जायचं होतं. मी म्हणालो, सभेतच सगळ्यांना एकदम सांगतो. मी निघालो तेव्हा तू डोळे मिटले होतेस. झोपला होतास की नाही, मला माहीत नाही.

त्या शनिवारी पाद्रीसाहेब बाहेरगावी गेले म्हणून सभा झाली नाही. मंगळवारी तू गेलास.

आता शेवटचं, आणि हे तुला माहीत नाही. मेजापासून दूर असताना मरण आलेल्याची पेटी चर्चच्या आत नेत नाहीत, प्रार्थना व्हरांड्यात होते. जुना नियम. माझ्या आठवणीत तो कोणावर वापरलेला नव्हता. आत्ताचे पाद्रीसाहेब तरुण आहेत, नवे आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, चिटणीससाहेब, नियम काय आहे? मला सगळं माहीत होतं, तुझं माझं बोलणं होऊन दहा दिवसही झाले नव्हते. मी म्हणालो, नियम तसाच आहे. तुझी पेटी व्हरांड्यात, चपला काढतात तिथे ठेवली गेली. साराबाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. आतल्या बाकांवर आम्ही बसलो.

या रविवारी प्रभुभोजन झालं आणि मी मेजापाशी गेलो नाही. आदल्या दिवशी सभेत मी उभा राहिलो होतो. माप, गोधडी, अंगणातलं माझं वाक्य, संध्याकाळी तुला परत पाठवलं ते, क्षमा, वही, व्हरांडा, असं सगळं क्रमाने सांगितलं. तू सर्व जाणत असूनही का गप्प राहिलास तेही सांगितलं. आवाज चढला नाही की कापला नाही. चिटणीसपदाचा राजीनामा दिला. वही पाद्रीसाहेबांच्या हाती दिली. त्यांनी ते पान काढलं, त्याखाली खरं काय ते माझ्याकडून लिहून घेतलं आणि तुझ्यावरचा ठराव रद्द केला. कोणी हरकत घेतली नाही.

मग पाद्रीसाहेब म्हणाले की आज मोठा दिवस आहे, शमुवेलभाऊंनी या वयात किती धैर्य दाखवलं, आपण सगळे त्यांना क्षमा करू. माणसं हात द्यायला उठू लागली. मला पुन्हा तेच दिसू लागलं. दहा मिनिटांत मी परत मोठ्या मनाचा माणूस होणार होतो. पाद्रीसाहेबांनी साराबाईंकडे वळून त्यांना पुढे बोलावलं. बाई, पहिला हात तुमचा.

साराबाई उठल्या, पण पुढे आल्या नाहीत.

"थांबा जी पाद्रीसाहेब. घाई कायची हाय? मले अजुक नीट राग आलाच नाई. आत्ता तं येऊन राह्यला."

आणि त्यांनी मला बोलायला सुरुवात केली. तू ओरडायचास त्याहून मोठ्याने. लग्नांत तुम्हा दोघांना कसं मागे बसवत ते सांगितलं, तुझ्या हातचं पाणी घ्यायला कोण टाळायचं ते नाव घेऊन सांगितलं, आणि त्यातले दोघे तिथेच बसलेले होते. नऊ वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरी येऊन तू जेवायचा नाहीस हे सांगितलं. मला शांत माणूस म्हणणाऱ्यांना त्यांनी एकेक करून विचारलं की यांच्या शांतीची किंमत कोणी भरली. मध्ये रडल्या, पदराने तोंड पुसलं, पुन्हा सुरू झाल्या. कोणीतरी मागून म्हणालं, बाई, जाऊ द्या आता, सभा आहे. त्यालाही त्यांनी सोडलं नाही.

त्या काय मागतात हे मला समजत होतं. कोणीतरी रागावलेलं माणूस समोर असताना मी रागावलो नाही, तूही रागावू नकोस, असं न म्हणता त्याच्यासमोर उभं राहायचं. एवढं साधं मी कधी केलं नव्हतं. माझी मान खाली जात होती. त्या म्हणाल्या, इकडे पाहा, खाली काय पाहून राह्यले. मी वर पाहिलं.

अर्धा तास होत आला तेव्हा पाद्रीसाहेब त्यांना थांबवायला उठले. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. साराबाईंचं बोलून झालं नव्हतं.